डागाची बाजू

कारखान्यात तिला सगळे पक्कडताई म्हणायचे. एक तर तुकडे कापायची पक्कड दिवसभर तिच्या हातात असायची, आणि दुसरं म्हणजे एखादी गोष्ट तिने धरली की सोडायची नाही. रंगावरून वाद होवो, मापावरून होवो, नाहीतर चहात साखर किती यावरून होवो, शेवटचा शब्द तिचाच. मालक म्हणायचे, पक्कडताईंशी बोलायला जाताना हार आधीच मान्य करून जावं, तेवढाच वेळ वाचतो.

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड होती. भिंतीला लागून खोक्यांची रांग, आणि खोक्याखोक्यांत एकेका रंगाचे नखाएवढे तुकडे, काही काचेचे, काही चिनी मातीचे. इथे भिंतीवर लावायची मोझेकची चित्रं व्हायची, आणि ती उलटी व्हायची. आधी कागदावर चित्र काढायचं, तेही आरशात दिसावं तसं. मग कागदाला खळ लावून त्यावर तुकडे पालथे चिकटवत जायचं. सगळं भरलं की तो कागद भिंतीच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा, आणि सिमेंटने तुकडे धरले की वरून पाण्याने भिजवून कागद सोलून काढायचा. चित्राचं तोंड पहिल्यांदा दिसायचं ते तेव्हा. तोवर काम करणारी बाई चित्राच्या पाठीशीच बसलेली असते. पक्कडताईचा अर्धा जन्म असा पाठीशी बसण्यात गेला होता आणि तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

गावातल्या जुन्या तरणतलावाची दुरुस्ती निघाली, तेव्हा दाराजवळच्या भिंतीचं काम कारखान्याकडे आलं. भिंतीवर काय असावं यावर तलावाच्या समितीत बरीच घासाघीस झाली. कुणी म्हणे मासे, कुणी म्हणे लाटा. शेवटी रोज पोहायला येणारी जुनी मंडळी हटून बसली, मासे-बिसे काही नकोत, आमच्या मावशीला बसवा.

मावशी म्हणजे कपड्यांच्या खिडकीवरची बाई. पोहायला जाणाऱ्याने कपडे आणि चपला खिडकीत द्यायच्या, बदल्यात खूण घ्यायची आणि जाताना खूण देऊन कपडे परत घ्यायचे. पूर्वी खूण म्हणून पितळेचे बिल्ले होते. ते हरवू लागले, आणि एकाचा बिल्ला दाखवून दुसऱ्याची नवी पँट नेण्याचेही प्रकार झाले. तेव्हा मावशींनी आपली युक्ती काढली. तलावाच्या तळाच्या छोट्या निळ्या फरश्या निखळून वर यायच्या. त्या त्यांनी गोळा करून ठेवल्या. गिऱ्हाईक आलं की हातोडीने एका फरशीचे दोन तुकडे करायचे, एक कपड्यांच्या गाठोड्यात खोचायचा, एक त्याच्या हातात द्यायचा. तुटलेली कड दुसऱ्या कुठल्याही कडेला बसत नाही, त्यामुळे फसवाफसवीचा प्रश्नच मिटला. रोजच्या लोकांचे तुकडे ठरूनच गेले. कुणी ते गळ्यात अडकवले, कुणी किल्लीला बांधले. समितीच्या अध्यक्षबाई इतिहास शिकवायच्या. त्यांनी सांगितलं की पुराणकाळी दूरदेशी लोक पाहुण्याला निरोप देताना अशीच एक चपटी खूण मोडून अर्धी-अर्धी वाटून घ्यायचे, म्हणजे नातवंडांनासुद्धा ओळख पटावी. मावशींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना फक्त पँटींची काळजी होती.

समितीने लोकांना आवाहन केलं, घरात मावशींचा तुकडा असेल तर आणून द्या, भिंतीत लावू. पिशव्या भरभरून तुकडे आले. मावशींच्या खिडकीत एक पत्र्याचा डबा सापडला, त्यात ज्यांचे जोडीदार कधी परत आलेच नाहीत असे अर्धे तुकडे होते, तोही आला.

पक्कडताईने ते सगळं उतरवून घेतलं, धुतलं, वाळवलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मावशी तिची आई होती. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कामावर लागली तेव्हा कुणीतरी आईची चौकशी केली होती आणि ती म्हणाली होती, आई तलावाच्या ऑफिसात होती. खिडकीला ऑफिस म्हटलं की झालं, अशी तिने तेव्हा मनाची समजूत काढली होती.

पुढचं सगळं गप्प राहूनच पार पडलं असतं. पण चित्रकाराने काढलेला कागद तिच्या टेबलावर आला, आणि त्यात मावशींच्या चेहऱ्यावरचा डाग होता.

हा डाग आईला जन्मापासून होता. कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत पसरलेला, गडद लाल, कुणी दौत लवंडावी तसा. कागदावर तो डाव्या गालावर होता. पक्कडताईने कागद पाहिला आणि चित्रकाराला म्हणाली की हे चित्र सरळच ठेवलंय, उलटवायचं विसरलात. तो म्हणाला, उलटवलंय, तलावाच्या फोटोत डाग उजव्या गालावर आहे. ती म्हणाली, मग फोटोच उलटा छापलाय, जुन्या फोटोंचं होतं तसं. तो म्हणाला, तुम्ही कशावरून सांगता? झालं, पक्कड आवळली गेली.

"कशावरून म्हणजे? माझी आई आहे ती."

शेडमधल्या हातोड्या थांबल्या. चित्रकार ओशाळला, मुलीला माहीत नसणार तर कुणाला, असं काहीतरी पुटपुटला आणि त्याने चित्र पुन्हा उलटवून दिलं, म्हणजे भिंतीवर डाग डाव्या गालावर येणार होता. मालकांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. तिला घरी जाताना वाटेत जाणवलं की इतक्या वर्षांत आईला आई म्हणून चारचौघांत सांगितलं ते असं, वाद जिंकायला. पण निदान सांगितलं तरी, असं म्हणून तिने तेही झटकून टाकलं.

सांगायला हवं होतं ते एकदा, आणि तेव्हा तिने नेमकं उलटं सांगितलं होतं.

तेव्हा ती नव्या शाळेत गेली होती, चांगल्या घरच्या मुली जातात अशा. मैत्रिणींनाही तिने ऑफिसच सांगून ठेवलं होतं. एका सुट्टीत त्यांनी पोहायला जायचं ठरवलं, आणि नाही म्हणायला तिला कारण सापडेना. ती घोळक्याच्या मागे मागे राहत खिडकीशी आली. आईने तिला पाहिलं, बरोबरच्या मुलींना पाहिलं, मुलीची खाली गेलेली मान पाहिली. बाकी काही विचारावं लागलं नाही. तिने तिचे कपडे घेतले, फरशी फोडली आणि अर्धा तुकडा परक्याला द्यावा तसा तिच्या तळहातावर ठेवला.

पाण्यात एक मैत्रीण म्हणाली, त्या बाईच्या तोंडावर कुणी शाई ओतलीय का गं? सगळ्या खिदळल्या. तीही खिदळली, जरा जास्तच. आणि हातातला तुकडा तिने तलावाच्या कडेच्या गटारात सोडून दिला.

परत निघताना आईने एकेकीचा तुकडा घेऊन कड जुळवून कपडे दिले. हिची पाळी आली तेव्हा न मागताच गाठोडं पुढे केलं. तीच मैत्रीण म्हणाली, हिच्याकडून का नाही मागितला?

"राहू दे," आई म्हणाली. "चेहरा ओळखीचा आहे."

"मी नाही ओळखत यांना."

आई म्हणाली, "माझीच चूक झाली असेल, बाळा. दिवसभर इतके चेहरे बघते मी."

घरी त्यावर कधीही एक शब्द निघाला नाही. आईने आदळआपट केली असती, मुस्काटात मारली असती, तर पुढे कधीतरी तिच्या कुशीत शिरून रडता तरी आलं असतं. आईने संध्याकाळी नेहमीसारखं जेवायला वाढलं. दुसऱ्या सकाळी मुलीने आपली वेणी आपणच घातली, आणि तेव्हापासून घालतच राहिली. पुढे चित्रकला शिकली, कारखान्यात लागली, लग्न झालं. लग्नात फोटोवाला बोलवायचा तेव्हा आई नेमकी कसल्या ना कसल्या कामात असायची. पुढे आई आजारी पडली आणि गेली. ती गोष्ट राहिली ती राहिलीच.

भिंतीवर कागद चढवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सोलायचा होता. उद्घाटन त्याच्याही दुसऱ्या दिवशी. पक्कडताईने ओल्या स्पंजाने कागद भिजवला आणि वरच्या कोपऱ्यापासून सावकाश ओढत आणला. आधी खिडकीची चौकट आली, तिच्याभोवती लोकांचे आणि डब्यातले निळे अर्धे तुकडे. मग केस, कपाळ, डोळे. बघायला जमलेली पोहणारी जुनी मंडळी पुढे सरकली. मग कुणीतरी नाक ओढलं.

शिट्टीकाका तेवढे डोकं एकीकडे कलवून उभे होते. तलावावर शिट्टी घेऊन बुडणाऱ्यांवर नजर ठेवण्यात त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त होते. ते म्हणाले, चेहरा हुबेहूब आहे, पण डाग ह्या गालावर नव्हता.

ती म्हणाली, ह्याच गालावर होता.

"नव्हता गं. मी समोरच्या खुर्चीत बसायचो. मावशी चपला ठेवायला वळली की उजवा गाल पुढे यायचा. लांबून दिवा लागल्यासारखा दिसायचा."

"काका, माझी आई आहे की तुमची?"

आवाज चढला होता. काका वरमले. तुझीच गं बाई, म्हणाले, मी आपला म्हातारा, मला कालचं आठवत नाही. बाकीचेही माना डोलवू लागले, मुलगी म्हणते म्हणजे तसंच असणार. त्यांच्यातल्या दोघातिघांचे हात मात्र नकळत स्वतःच्या उजव्या गालाकडे गेलेले तिने पाहिले.

हात धुवायच्या निमित्ताने ती नळाशी गेली. डोळे मिटून आईला समोर आणू लागली. डाग यायचा तो डाव्या गालावरच. पण आईच्या त्या चेहऱ्यापुढे एक कंगवा होता, आणि कडेला फुटकी चौकट. लहानपणी आई मागे उभी राहून तिची वेणी घालायची आणि ती आरशात आईला बघत बसायची, ती ही आई. हिच्याखेरीज समोरून पाहिलेली दुसरी कुठलीच आई तिला सापडेना. आरशात उजवं डावं होतं हे जिने उभा जन्म खळ लावून गिरवलं, ती स्वतःच्या आईच्या बाबतीत आरशावर विसंबली होती.

तिने थोरल्या भावाला फोन लावला. दादा परगावी असायचा. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, काय, पैसे संपले की नवरा? तिने डागाचं विचारलं तेव्हा तो आधी हसला. मग म्हणाला, उजव्या. त्यात काय विचारायचं?

"नक्की?"

"अगं, जेवताना ती भिंतीच्या कोपऱ्यात बसायची ना, उजवा गाल भिंतीकडे करून? आधी कुठेही बसायची. नंतर नंतर तू बाहेरून आलीस की ताट उचलून तिथे जायची. मी नि बाबा चिडवायचो, आई लेकीशी लपंडाव खेळतेय म्हणून. तुला नाही आठवत?"

तिला कोपरा आठवत होता. तिथे उजेड कमी होता आणि आई तिथेच का बसते असं तिने एकदा वैतागून विचारलंही होतं. आई म्हणाली होती, इथे वारा लागत नाही. फोनवर दादा अजून काहीतरी बोलत होता. तिने नंतर करते म्हणून ठेवला आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. तोंडावर पाणी मारायचंही तिला सुचलं नाही. एवढ्याशा पोरीचं एक वाक्य, आणि त्यापायी आई आपल्याच घरात गाल लपवत जेवत होती. आणि जिच्यासाठी लपवला तिने मान वर करून कधी पाहिलं नाही.

ती परत आली तेव्हा मालक आणि अध्यक्षबाई भिंतीपाशी बोलत होते. मालकांचं म्हणणं, आता काही हलवायला नको, सिमेंट आवळत आलंय, हे राहू द्या. ओळखणारे किती उरलेत, तेही मुलीचाच शब्द धरतील. अध्यक्षबाईंनी तिला हळूच बाजूला घेतलं. त्या मनाने चांगल्या होत्या. म्हणाल्या, डाग मुळात हवाच का? दोन्ही गाल स्वच्छ केले तर वादच नको. आईसुद्धा सुंदर दिसतील.

हेच तिने लहानपणी रोज मागितलं होतं. आई अशीच, फक्त डाग नको. आता एका होकारावर ते भिंतीवर कायमचं होणार होतं, आणि मुलीला आईचा चेहरा माहीत नाही हेही झाकलं जाणार होतं. ती इतकी गप्प राहिली की मालकांना वाटलं ठरलं, आणि ते छिन्नी आणायला वळले.

"डाग राहील," ती म्हणाली. "उजव्या गालावर. काकांचं बरोबर आहे, मला माहीत नव्हतं."

शिट्टीकाका जमिनीकडे बघू लागले, जणू चूक त्यांचीच होती. चित्रकार बिचारा चांगला मुलगा, तो म्हणाला, ताई, जुन्या गोष्टी होतात इकडच्या तिकडे. तिला त्याचा तो समजूतदारपणा सहन होईना. कुणी फटकारलं असतं तर बरं वाटलं असतं.

छिन्नीने तिने आधी डाव्या गालाचे लाल तुकडे एकेक करून उचकटले, मग उजव्या गालाचे गव्हाळ. गव्हाळ इकडे आणि लाल तिकडे बसवायला घेतले. पण ते तुकडे त्यांच्या त्यांच्या जागेसाठी कापलेले, नव्या जागी सरळ बसेनात. प्रत्येकाची कड पकडीने पुन्हा कुरतडावी लागत होती. ह्यावेळी मध्ये कागद नव्हता. थेट भिंतीवर, सरळ, समोरून काम होतं. आईचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं, आणि तुकडा बसवायचा तर बघावंच लागत होतं. सुरुवातीला ती फक्त सिमेंटकडे बघत होती. त्याने तुकडे वाकडे बसायला लागले. मग मान वर करावी लागली.

ओठाच्या कोपऱ्याशी एक तुकडा काही केल्या जमेना. डाग तिथे किती टोकदार व्हायचा, की गोल? तिला आठवत नव्हतं, आणि आता खोटं सांगायचं नव्हतं. तिने शिट्टीकाकांना हाक मारली आणि विचारलं. काका जवळ आले, स्वतःच्या ओठाच्या कडेवर बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, हसली की इथे वर जायचा, टोकासारखा. तिने तसा कापला. पुढचं सगळंच ती त्यांना विचारून करत गेली. स्वतःच्या आईचा गाल परक्या माणसाला विचारून.

उद्घाटनाला लोक लोटले. जो तो चौकटीत आपला तुकडा शोधत होता. हा माझा, किल्लीच्या भोकाचा, असं म्हणून लोक बोटं लावत होते. अध्यक्षबाईंना भाषणात घालायचं होतं, म्हणून त्यांनी येऊन विचारलं, तुमचा कुठला? पक्कडताई म्हणाली, माझा नाहीये, मी टाकून दिला होता. बाईंना ते भाषणात घालण्यासारखं वाटलं नसावं. त्या मान हलवून पुढे गेल्या. डब्यातले तुकडे तिने स्वतःच्या हाताने लावले होते. तिच्या तुकड्याचा जोडीदारही आईने ठेवला असला तर त्यांतच कुठेतरी होता. पण तो कुठला हे सांगायला दुसरा अर्धा लागतो.

मग फोटोवाल्याने आवाज दिला, मुलीला पुढे घ्या. लोकांनी तिला ढकलत भिंतीपाशी नेलं. ती आईच्या उजव्या गालाशेजारी उभी राहिली. फोटोवाला म्हणाला, अजून थोडं आत सरका ताई, म्हणजे तो डाग तुमच्यामागे झाकला जाईल.

"नको," ती म्हणाली, आणि उलट एक पाऊल बाहेर सरकली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिची मान खालीच राहिली. इतक्या टाळ्यांत आईशेजारी उभं राहायला काही लागत नाही, हे तिला कळत होतं. खिडकीसमोर होत्या त्या पाचसात मुली, आणि टाळ्या कुणीच वाजवणार नव्हतं.